लोखंड, शंभर टक्के

पंखा बंद ठेवा, असं चॅनेलच्या बाईंनी सकाळीच फोनवर बजावलं होतं. मे महिना, लातूर, दुपारचा एक वाजलेला, आणि मी दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून खुर्चीत घामानं निथळत बसलो होतो. खोलीत एकटंच बसायचं, जवळ पुस्तक नको, दुसरा मोबाईल नको, दुसऱ्या रिंगला फोन उचलायचा. बोलायला सगळे मिळून तीस सेकंद. त्यातले निम्मे तर तुमच्या बहिणीला प्रश्न वाचायलाच लागतील, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "मॅडम, चोवीस वर्षं सामान्यज्ञान शिकवतोय. मला पाच सेकंद बास." त्या हसल्या नाहीत.

बहीण तेव्हा मुंबईत होती, टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत. माझ्याहून चार वर्षांनी लहान, हदगाव तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका. तीन वर्षं ती या खेळाच्या मागे लागली होती. रोज मोबाईलवर प्रश्नांची उत्तरं पाठवायची, एकदा नांदेडला चाचणी देऊन आली, एकदा शेवटच्या यादीतून नाव गळालं. या वेळी बोलावणं आलं. अडलं तर एका माणसाला फोन लावायची सवलत होती आणि तिनं माझं नाव दिलं. याचं कुणालाच नवल वाटलं नाही. मला तर मुळीच नाही.

मी लातुरात स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये शिकवतो. एका रस्त्यावर असे सात-आठ क्लास आहेत. मास्तर वर्गात दोनदा "माहीत नाही" म्हणाला, तर पोरं तिसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीत जाऊन बसलेली दिसतात. त्यामुळे ते वाक्य मी कधी वापरलं नाही. पोरं मला मागून "शंभर टक्के सर" म्हणतात, हे मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं.

बहिणीनं सगळी तयारी माझ्याच नोट्सवर केली होती. मी मोबाईलवर पाठवायचो, ती अंगणवाडी आवरून वाचायची आणि मग बोलून निरोप पाठवायची. "दादा, सतराव्या पानावर त्या धरणाचं चुकलंय बघ." मी कळवायचो, टायपिंगची चूक आहे. टायपिंग मीच केलेलं असायचं. ती प्रश्न विचारायची तेव्हा मी तिला फार झापायचो. "एवढं बी येत न्हाई का तुला? कोण्या शाळेत गेली होतीस? सातवीच्या पुस्तकात हाय हे." आपल्याला जे तोंडपाठ असतं ते दुसऱ्याला येत नाही, हे मास्तर माणसाला सहनच होत नाही. ती मुकाट ऐकून घ्यायची. कधीमधी असा प्रश्न यायचा की मलाही जरा चाचपडल्यासारखं व्हायचं. तेव्हा मी पटकन उत्तर सांगून मोकळा व्हायचो आणि नंतर गुपचूप तपासायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. दुसऱ्या रिंगला उचलला. आधी एक भारदस्त आवाज माझ्याशी दोन गोड वाक्यं बोलला, मग बहिणीचा आवाज आला, धाप लागल्यासारखा.

"दादा, बिदरी भांड्याचं मूळ अंग मुख्यत्वे कोणत्या धातूचं असतं? लोखंड, शिसं, जस्त, पितळ. माझं लोखंड आन् जस्तात अडकलंय."

माझ्या समोरच्या काचेच्या कपाटात एक बिदरी फुलदाणी होती. क्लासच्या कुठल्याशा सत्कारात मिळालेली. बिदर आम्हाला किती लांब, उदगीरवरून गेलं की आलंच. काळी कुळकुळीत फुलदाणी, वर चांदीची वेलबुट्टी, हातात घेतली तर चांगली जड. काळं आणि जड. मला माहीत नव्हतं. चोवीस वर्षांत हा प्रश्न कुठल्याही पेपरात आला नव्हता.

"लोखंड," मी म्हणालो.

"खात्री हाय का दादा?"

"शंभर टक्के."

फोन कट झाला. मी पंखा लावला. दोन मिनिटं बरं वाटलं. मग काय मनात आलं कोण जाणे, मी उठलो, फ्रिजच्या दारावरचा चुंबक काढला आणि कपाट उघडून फुलदाणीला लावला. तो खाली पडला. मी उचलून पुन्हा लावला, बुडाला लावला, मानेला लावला, आणि प्रत्येक वेळी तो फरशीवर पडला. मग मोबाईलवर शोधलं. जस्त, त्यात थोडं तांबं. लोखंडाचा कणही नाही.

त्या खेळात चुकीचं उत्तर म्हणजे तिथंच खेळ संपला, हात जोडून उठायचं. तीन वर्षं धडपडून ती त्या खुर्चीपर्यंत पोचली होती आणि मी तिला एका शब्दात खाली उतरवलं होतं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. बायको कामावरून येईपर्यंत तसाच उभा होतो, आणि तिनं काय झालं विचारलं तर ऊन लागलं म्हणालो.

त्यात वाईट हे, की तिचं नुकसान करण्याची माझी ही पहिली वेळ नव्हती.

बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. आमचं गाव औशाजवळ, वडील सरकारी दवाखान्यात शिपाई. एप्रिलात जयंतीला वस्तीत सामान्यज्ञानाची स्पर्धा असायची, तिथं सलग तीन वर्षं ती पहिली आली होती आणि एकदा तर मला हरवून. तिला डी.एड. करायचं होतं. मी तेव्हा नांदेडला बी.एड.ला होतो. त्याच सुमारास हदगावकडचं स्थळ आलं. मी सुटीत घरी आलो तेव्हा वडिलांनी, आमच्या अण्णांनी, मला समोर बसवून विचारलं, "तू तिकडं राहतूस, तुला ठाव असंल. लग्नानंतर शिकवतील का पोरीला?"

मी हदगाव पाहिलंही नव्हतं. त्या माणसांचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो. पण वडील माझ्याकडे असं बघत होते की शिकून आलेला मुलगा आता काय ते सांगेल. घरात पहिल्यांदाच कुणी मला मोठ्या माणसासारखं काही विचारत होतं.

"शिकवतील की," मी म्हणालो. "शंभर टक्के."

आत बहीण भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. एवढंच मला आठवतं.

माणसं वाईट नव्हती. पण पहिल्याच वर्षी तिच्या सासूला अर्धांगवायू झाला, मग मुलं झाली, कापूस वेचणीचे दिवस आले की घरात कोण थांबणार. डी.एड.चा भरलेला फॉर्म तिच्या पेटीत कितीतरी वर्षं होता, असं आई सांगायची. पुढं ती स्वतःच्या हिमतीवर अंगणवाडीत लागली. त्या दिवसाचा विषय मी कधी काढला नाही आणि तिनंही नाही. वडील तर आता नाहीत.

मुंबईहून ती परत आली तेव्हा तिचा फोन आला. प्रवास बरा झाला, हॉटेलात लई थंडी होती, मेकअपवाल्या पोरीनं चेहऱ्याला काय काय फासलं, असं सगळं सांगितलं. खेळाचं एक अक्षर नाही. सही घेतली होती त्यांनी, टीव्हीवर दाखवेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. मी तिच्या आवाजात काही सापडतं का ते शोधत राहिलो. ती खूश आहे का, रडून मोकळी झाली आहे का. काहीच कळेना. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, वेगळा फोन करून विचारलं तर ते म्हणाले, "मला बी सांगून न्हाई राहिली ती." त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. वर्गात शिकवताना कुणी हात वर केला की मी फळ्याकडे वळायचो.

शेवटी मी ठरवलं, जाऊन कबूल करायचं. जूनमध्ये एका रविवारी लातूरहून नांदेडची एसटी धरली, नांदेडहून हदगावची. अख्ख्या वाटेत एकच वाक्य घोकत होतो : मला ते माहीत नव्हतं. चार शब्द. लोहा गेलं, नांदेड गेलं, अर्धापूर गेलं, आणि वाक्य चांगलं पाठ झालं.

दाजी बियाणं आणायला गेले होते. ती ओसरीवर सुपात डाळ निवडत बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "त्या खेळाचं इचारायला आला असशील तर आधीच सांगते, म्या काई बोलणार न्हाई. सही केलेली हाय."

"न्हाई, सहज आलो," मी म्हणालो.

ती पुन्हा निवडायला बसली. मी वाक्य तोंडात आणून बसलो होतो. तिनं एक खडा काढून अंगणात फेकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "दादा, ते लोखंडाचं तू कुठं वाचलं होतंस रे?"

यापेक्षा सोपी वाट कुणी कुणाला करून दिली नसेल. नुसतं "कुठंच न्हाई" म्हणायचं होतं. माझं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "जुन्या गॅझेटियरमध्ये. आमच्या क्लासच्या लायब्ररीत आहे."

आमच्या क्लासला लायब्ररी नाही. एक कपाट आहे, त्यात झेरॉक्सचे गठ्ठे असतात.

"हाव का," ती म्हणाली आणि सूप पाखडायला लागली. संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघालो. माझा मलाच इतका संताप आला होता की शेजारच्या माणसानं जरा सरका म्हटलं तर मी त्याच्यावर खेकसलो.

दरम्यान आमच्या क्लासच्या मालकांना बातमी लागली होती. त्यांना अशी संधी हवीच असते. चौकात फ्लेक्स लागला. माझा फोटो मोठा, बहिणीचा लहान, वर लिहिलेलं, "शंभर टक्के सरांची बहीण आज टीव्हीवर. मार्गदर्शक : आमचे सर." खाली क्लासचा फोन नंबर आणि नवीन बॅचची तारीख. क्लासच्या हॉलमध्ये पडद्यावर सगळ्या पोरांना कार्यक्रम दाखवायचा घाट त्यांनी घातला. मी म्हणालो, राहू द्या ना सर, घरगुती गोष्ट आहे. ते म्हणाले, "घरगुती कसली, सगळ्या लातूरला कळू द्या." मला ताप आलाय असं सांगायचं ठरवलं होतं. पण मग वाटलं, ती तिथं एकटी हरली असेल तर निदान मी इथं चार लोकांत बसून ते बघायला पाहिजे.

जुलैतली संध्याकाळ. हॉल गच्च भरलेला. मला पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची, गळ्यात हार. पडद्यावर बहीण आली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. जांभळी साडी, खुर्चीच्या कडेला टेकलेली, हात पदरात. आमच्या आईसारखी दिसत होती. पहिले काही प्रश्न तिनं असे सोडवले की मीच चकित झालो. काही तर माझ्या नोट्समध्येही नव्हते. ती कुठं वाचायची हे सगळं, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

मग बिदरीचा प्रश्न आला. ती थांबली, ओठ चावले, आणि म्हणाली, "दादाला फोन लावते."

पडद्यावर माझा फोटो आला. आणि भल्यामोठ्या स्पीकरमधून माझाच आवाज हॉलभर घुमला. लोखंड. शंभर टक्के.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हाराचं एक फूल बोटांनी चुरगाळत पडद्याकडे बघत होतो.

"तर मग, लोखंड?" सूत्रसंचालकानं विचारलं.

"न्हाई सर," बहीण म्हणाली. "जस्त."

मालकांनी माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"पण तुमचे बंधू शंभर टक्के म्हणतायत."

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "सर, आमच्या दादाला एखादी गोष्ट खरंच ठाव असली, तर तो आधी रागावतो. एवढं बी येत न्हाई का, कोण्या शाळेत गेली होतीस, असं म्हणतो आन् मंग उत्तर सांगतो. ठाव नसलं की मातर लगेच शंभर टक्के म्हणतो. आत्ता तो जराबी रागावला न्हाई. मंजे त्याला ठाव न्हाई, काळं दिसतं म्हणून लोखंड म्हणला; माझं मन जस्ताकडंच होतं."

स्टुडिओतली माणसं हसायला लागली. सूत्रसंचालकही हसू आवरत म्हणाला, "अहो ताई, मग मदतीला त्यांनाच का निवडलंत?"

"दुसरं कोणी खरं सांगून राहिलं का अंदाजानं, ते मला नुसत्या आवाजावरून कळत न्हाई सर. दादाचं कळतं."

"केव्हापासून कळतं हे?"

"माझ्या लग्नापासून," ती म्हणाली.

स्टुडिओ पुन्हा हसला. आमचा हॉलही हसला, मालक तर खुर्चीतून पडायचे राहिले. भावा-बहिणीची थट्टा, एवढंच सगळ्यांना वाटलं. हसताना तिचे डोळे मात्र हसत नव्हते, आणि ते हॉलभरात मलाच दिसलं असावं. भाकरी थापण्याचा थांबलेला आवाज मला पुन्हा ऐकू आला.

जस्त बरोबर आलं. त्यापुढचे आणखी दोन प्रश्न तिनं सोडवले आणि तिसऱ्यावर, आता पुरे म्हणून, हात जोडून स्वतःच्या मर्जीनं उठली. माझ्यामुळे तिचं काही गेलं नव्हतं. छातीवरचा दोन महिन्यांचा दगड उतरला, आणि त्याच क्षणी सगळ्या महाराष्ट्रासमोर माझं बिंग फुटलं होतं. मला रडू येत होतं की हसू, ते मला सांगता आलं नसतं.

दिवे लागले. पोरं माझ्याकडे बघत होती. मागच्या रांगेतली एक मुलगी, हुशार आहे, अगदी सहज म्हणाली, "सर, आम्हाला बी कळतंय की ते. तुम्ही शंभर टक्के म्हणला की आम्ही घरी जाऊन पुस्तकात बघतो."

तर ते नाव असं पडलं होतं. आणि तरीही ही पोरं समोरच्या इमारतीत गेली नव्हती.

मी हार काढला आणि जिन्यात येऊन उभा राहिलो. तेवढ्यात फोन वाजला. तिकडं तिच्या अंगणात माणसांचा गलका होता. ती चालत आडबाजूला गेली असावी, कारण आवाज हळूहळू कमी झाला.

"दादा. लागलं का तुला, म्या तसं बोलले ते?"

"ते गॅझेटियर," मी म्हणालो, "तसं काही न्हाई बरं का आमच्याकडं."

"ठाव हाय. तुमच्या क्लासला लायब्ररी कुठं हाय."

मी कठडा धरला. बसमध्ये घोकलेलं वाक्य आता कामाचं नव्हतं, दुसरंच सांगायचं होतं आणि ते कधी पाठ केलं नव्हतं. "तुझ्या लग्नाच्या वेळंला अण्णानं मला इचारलं होतं. मला काई माहीत नव्हतं तिकडचं. म्या हदगाव पाह्यलं बी नव्हतं."

ती म्हणाली, "ठाव हाय. आतून ऐकलं म्या. तवाच समजलं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"कोणाला बोलू? घरात समदे तुलाच इचारत होते."

खाली रस्त्यावर समोरचा क्लास सुटला होता, सायकलींची आणि स्कूटींची गर्दी झाली होती. मी चुकलो म्हणालो. हा शब्द तोंडातून निघायला इतका लहान असतो, हे मला पन्नाशीला कळलं.

"जाऊ दे आता," ती म्हणाली. मग आवाज जरा बदलून, लहानपणी प्रश्न विचारायची तशा आवाजात तिनं विचारलं, "म्या जितले, त्याचा आनंद झाला का तुला? खरं खरं सांग."

जिभेवर ते दोन शब्द आलेच होते. मी ते गिळले.

"हे काय इचारणं झालं का?" मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका चढला की जिन्यातून उतरणारी पोरं थबकून बघायला लागली. "एवढं बी कळत न्हाई का तुला? कोण्या शाळेत गेली होतीस तू?"



"हाव," ती म्हणाली. "कळलं."